क्रूझची बंदरं आणि व्हिसाच्या एंट्र्या: भारतीय पासपोर्टवर भूमध्य समुद्राची सफर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई, चौघांचेही भारतीय पासपोर्ट आणि युरोपची पहिलीच वेळ. सप्टेंबरच्या शेवटी आठ रात्रींची क्रूझ मनात भरली आहे. इटलीतल्या ट्रिएस्टेहून निघायचं, मग स्प्लिट, कोटोर, कोर्फू, कटाकोलो, एक दिवस समुद्रात, सँटोरिनी, कुशादासी, आणि शेवट ग्रीसच्या पिरियस बंदरात. क्रूझच्या आधी व्हेनिसला दोन रात्री, नंतर अथेन्सला दोन. एजंट म्हणतो, मुक्काम जहाजावरच असल्यामुळे सिंगल एंट्री (एकदाच आत शिरू देणारा) शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक क्षेत्राचा व्हिसा, पुरेल. विमान इटलीत उतरतंय म्हणून अर्ज इटलीकडे करायचा. आणि कोटोर, कुशादासीला खाली उतरलोच नाही तर तिथल्या व्हिसाचा प्रश्नच येत नाही. हे सगळं बरोबर आहे का?

नाही. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, आणि पहिला तर सहल मधेच मोडू शकेल इतका चुकीचा आहे. त्यामुळे सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

क्रूझची आयटिनररी, म्हणजे बंदरांचं वेळापत्रक, हातात आली की आपण बंदरं वाचतो, फोटो आठवतो. व्हिसासाठी मात्र तीच आयटिनररी वेगळ्या नजरेने वाचावी लागते: जहाज शेंगेनच्या हद्दीबाहेर कुठे जातं आणि परत आत कुठे येतं. तुमची आयटिनररी तशी वाचून पाहू. विमानाने इटलीत उतरलात, ही पहिली एंट्री. स्प्लिट क्रोएशियात आहे, आणि क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे तिथवर तुम्ही आतच आहात. (जुने प्रवासवृत्तांत वाचून क्रोएशियाला वेगळा व्हिसा लागतो असं समजणारे अजून भेटतात. आता लागत नाही.) कोटोर माँटेनेग्रोत, म्हणजे शेंगेनबाहेर. तिथून कोर्फूला आलात की ग्रीस, म्हणजे दुसरी एंट्री. कटाकोलो आणि सँटोरिनी ग्रीसमध्येच. कुशादासी तुर्कस्तानात, पुन्हा बाहेर. आणि पिरियसला पोहोचलात की तिसरी एंट्री.

म्हणजे तीन एंट्र्या. सिंगल तर सोडाच, डबल एंट्री व्हिसासुद्धा तुम्हाला पुरणार नाही. दोनच एंट्र्यांचा व्हिसा असेल तर शेवटच्या सकाळी, सामान केबिनच्या बाहेर ठेवून झाल्यावर, पिरियसच्या इमिग्रेशनसमोर तुमच्याकडे ग्रीसमध्ये शिरण्याचा अधिकारच उरलेला नसेल. प्रत्यक्षात वेळ तिथवरही येत नाही, कारण क्रूझ कंपनीचा माणूस ट्रिएस्टेच्या चेक-इनलाच व्हिसाचं स्टिकर बघतो आणि जहाजावर चढू देत नाही. अशा वेळी पैसेही परत मिळत नाहीत. प्रवासाची कागदपत्रं पूर्ण ठेवणं ही प्रवाशाची जबाबदारी, हे जवळपास प्रत्येक कंपनीच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं.

आता ‘उतरलोच नाही तर?’ हा प्रश्न. जहाज शेंगेनबाहेरच्या बंदरात जाऊन आलं की शेंगेनची बाहेरची सीमा ओलांडली गेली. तुम्ही त्या दिवशी किनाऱ्यावर पाय ठेवलात की डेकवर पुस्तक वाचत बसलात, याने त्यात फरक पडत नाही. शेंगेनच्या सीमानियमांत क्रूझ जहाजांसाठी वेगळा भाग आहे. जहाजाची सगळी बंदरं शेंगेन देशांतलीच असतील तर एरवी सीमातपासणी होत नाही. मधे शेंगेनबाहेरच्या देशाचं एक जरी बंदर आलं, तरी तिथून परतल्यावर पहिल्या शेंगेन बंदरात प्रवाशांची यादी आणि लागेल तशी पासपोर्टची तपासणी होते. ‘आमचे एक नातेवाईक सिंगल एंट्रीवर जाऊन आले, कोणी विचारलं नाही’ अशी हकिगत तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. तपासणी जोखीम बघून होते, त्यामुळे एखाद्या वेळी कोणी विचारलं नसेलही. पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर ईईएस ही संगणकीय नोंदपद्धत सुरू झाली आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी आता प्रत्येक येण्या-जाण्याची तारीख आणि ठिकाण यंत्रात नोंदलं जातं. जुन्या सुटकेच्या गोष्टींवर चौघांची सहल उभी करू नका.

याच संदर्भात ईटियास हे आणखी एक नाव कानावर येतं. ती आगाऊ घ्यायची प्रवासपरवानगी, पण ज्यांना शेंगेन व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन जाणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. ते काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

अर्ज कुठे करायचा? नियम असा की ज्या देशात मुख्य मुक्काम, त्या देशाकडे. विमान कुठे उतरतं हा निकष फक्त मुक्काम सारखा-सारखा वाटला गेला असेल तरच लागतो. तुमचे दिवस मोजा. इटलीत व्हेनिसचे दोन आणि ट्रिएस्टेहून निघण्याचा एक, म्हणजे तीन. क्रोएशियात एक. ग्रीसमध्ये कोर्फू, कटाकोलो, सँटोरिनी, मग पिरियसला उतरल्यावर अथेन्सचे तीन, असे सहा. जमिनीवरच्या हॉटेलच्या रात्री दोन्हीकडे दोन-दोन असल्या तरी एकूण हिशोबात ग्रीस स्पष्टपणे पुढे आहे. अर्ज ग्रीसच्या वाणिज्य दूतावासाकडे, म्हणजे त्यांनी नेमलेल्या व्हिसा केंद्रात. इटलीकडे दिलात तर ते ‘आम्ही यासाठी सक्षम नाही’ म्हणून परत पाठवू शकतात, आणि मग अपॉइंटमेंटचे आठवडे वाया जातात. क्रूझ कंपनी कोणत्या देशाची आहे याचाही इथे काही संबंध नाही. कंपनी इटालियन म्हणून इटलीकडे अर्ज केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

एक सूचना: व्हेनिसला तिसरी आणि चौथी रात्र वाढवायचा मोह झाला तर हा हिशोब पुन्हा करा. इटलीचे दिवस पाच झाले आणि अथेन्सची एक रात्र कमी केली, तर मुख्य देश बदलतो. अर्ज भरण्याआधी मुक्काम पक्के करा, आणि व्हिसा आल्यावर त्यात मोठे फेरफार करू नका.

आता माँटेनेग्रो आणि तुर्कस्तान. माँटेनेग्रोचा मामला सरळ आहे. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला तिथे ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. कोटोरसाठी काही करायचं नाही.

तुर्कस्तानसाठी दोन वाटा आहेत. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात अशी तरतूद आहे की समुद्री बंदरात उतरून ते बंदराचं शहर आणि आसपासचे प्रांत पर्यटनासाठी बघणाऱ्यांना ७२ तासांपर्यंत व्हिसातून सूट मिळते. जहाजाने सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना ती लागू पडते. पण ती वाट स्थानिक अधिकारी आणि जहाजाचा एजंट यांच्या हातात असते, आणि क्रूझ कंपनी चेक-इनला ती मान्य करेलच असं नाही. दुसरी वाट म्हणजे ई-व्हिसा. वैध शेंगेन, अमेरिकन, ब्रिटिश किंवा आयरिश व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तान ३० दिवसांचा सिंगल एंट्री ई-व्हिसा देतं. ज्या दिवशी तुर्कस्तानात शिरणार, त्या दिवशी तो आधारभूत व्हिसा वैध असावा लागतो. माझा आग्रह ई-व्हिसाचा आहे. चौघांचे चार, मुलीचासुद्धा. खर्च आहे, पण तुमच्या हातात स्वतःचा कागद असतो, आणि कुशादासीचा दिवस कोणाच्या मर्जीवर राहत नाही. अर्ज फक्त तुर्कस्तान सरकारच्या संकेतस्थळावर करा, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट टीआर’ असतं ते बघून. शोधायला गेलात की त्याच्या आधी दलालांची हुबेहूब दिसणारी पानं येतात.

क्रम लक्षात घ्या: तुर्की ई-व्हिसाला शेंगेन व्हिसा आधी लागतो. म्हणजे शेंगेन हातात येईपर्यंत तिकडचं काही सुरू करता येत नाही, आणि आल्यावर उशीर करायचा नाही.

(जहाज कुशादासीऐवजी इस्तंबूलला सुरू होत असेल किंवा संपत असेल, तर ७२ तासांच्या सवलतीचा विचारही करू नका. तिथे तुम्ही नुसते बंदर बघणारे पाहुणे नसता. रीतसर व्हिसाच लागतो.)

शेंगेन अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा चौकोन म्हणजे ‘किती एंट्र्या हव्यात’ हा. तिथे सिंगल, टू, मल्टिपल असे पर्याय असतात. मल्टिपलवर खूण करा. पण नुसत्या खुणेवर अवलंबून राहू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाणिज्य दूतावास बहुतेकदा हात आखडूनच व्हिसा देतं, सहलीच्या तारखा आणि वर थोडे दिवस. अर्ज बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे तुमच्या फाइलसाठी मोजकी मिनिटं असतात. कोटोर कुठल्या देशात आहे हे त्याला आयटिनररीतून शोधायला लावू नका, कव्हर लेटरमध्ये समोर मांडा. मी ते असं लिहितो, व्हेनिसला उतरल्यापासून दिवस मोजून, दिवसागणिक एक ओळ:

चौथा दिवस, स्प्लिट, क्रोएशिया, शेंगेन.
पाचवा दिवस, कोटोर, माँटेनेग्रो, शेंगेनबाहेर.
सहावा दिवस, कोर्फू, ग्रीस, शेंगेनमध्ये दुसरा प्रवेश.

असं तेराव्या दिवसापर्यंत. आणि खाली एकच वाक्य: या प्रवासात शेंगेन क्षेत्रात तीन वेळा प्रवेश होतो, म्हणून मल्टिपल एंट्री व्हिसा मिळावा ही विनंती. त्याला क्रूझचं बुकिंग कन्फर्मेशन जोडा, ज्यात प्रत्येक बंदराची येण्या-निघण्याची वेळ आणि चौघांची नावं असतील. एजंटने स्वतःच्या लेटरहेडवर टाइप केलेली आयटिनररी चालवून घेऊ नका. कंपनीच्या प्रणालीतून निघालेला, बुकिंग क्रमांक असलेला कागद मागा. बाकी कागदपत्रं नेहमीचीच: बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, रजेचं पत्र, हॉटेलची बुकिंग, विमानाचं आरक्षण, मुलीचा जन्मदाखला आणि शाळेचं पत्र. आईंचा खर्च तुम्ही करत असाल तर तसं पत्र आणि नातं दाखवणारा कागद.

नावांबद्दल विशेष सांगतो, कारण आपल्याकडच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. क्रूझ बुकिंग करताना घाईत मधलं नाव गाळलं जातं. क्रूझ, विमान, विमा आणि व्हिसा, चारही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने नाव हवं. आईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल (जुन्या पिढीत हे पुष्कळदा दिसतं) तर प्रवासाआधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्या. त्यासाठी वेळ आहे.

शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो आहे. म्हणजे तुमचे चौघांचे ३१५ युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाआकार. व्हिसा नाकारला तरी हे परत मिळत नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, तिघा मोठ्यांना मात्र प्रत्यक्ष जावं लागेल. पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. पण क्रूझ कंपन्या आणि इतर देश यांचा विचार करता सहा महिने शिल्लक असणं बरं.

विम्याबाबत एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, आणि बाजारात ‘शेंगेन पॉलिसी’ म्हणून स्वस्तात मिळते ती फक्त शेंगेन देशांपुरती असू शकते. कुशादासीला आईंचा पाय मुरगळला तर ती निरुपयोगी. जहाजावरचा दवाखाना खासगी असतो आणि त्याचं बिल तुमच्या खात्यावर चढतं. त्यामुळे तुर्कस्तान आणि माँटेनेग्रोसकट सगळा मार्ग धरणारी, जहाजावरचे उपचार आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च देणारी पॉलिसी घ्या. आईंना रक्तदाब, मधुमेह असं काही असेल तर ते आधीच जाहीर करून. हप्ता वाढतो, पण न सांगितलेल्या आजाराचा दावा फेटाळला जातो.

आता तारखा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. सप्टेंबरअखेरच्या सहलीसाठी तो मार्चच्या शेवटी उघडतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, अडचण असेल तर ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. एप्रिल ते जून हा उन्हाळी सुट्टीच्या गर्दीचा काळ, अपॉइंटमेंट मिळणंच कठीण होतं. क्रूझचं उरलेलं सगळं पेमेंट साधारण दोन ते तीन महिने आधी भरायचं असतं, म्हणजे तुमच्या बाबतीत जूनअखेर ते जुलै. तुम्हाला व्हिसाचा निकाल त्या तारखेच्या आधी हवा आहे. म्हणून मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली अपॉइंटमेंट पकडा. क्रूझ फक्त अनामत भरून, रद्द करता येईल अशा दरात बुक करा. हॉटेल रद्द करण्याजोगी. विमानाचं तिकीट पक्कं करण्याची घाई नको, अर्जासाठी आरक्षण पुरतं. व्हिसा नाकारला म्हणून झालेलं नुकसान साध्या प्रवासविम्यात बहुधा येत नाही, ते पॉलिसीच्या अटींत शोधून बघा.

स्टिकर हातात आलं की केंद्राच्या दारातच, रिक्षा बोलावण्याआधी, उघडून वाचा. चार गोष्टी. ‘फ्रॉम’ आणि ‘अन्टिल’ या तारखा तुमच्या सगळ्या प्रवासाला पुरतात का. ‘नंबर ऑफ एंट्रीज’ समोर ‘मल्ट’ लिहिलंय का, की ०१ किंवा ०२. ‘ड्युरेशन ऑफ स्टे’मध्ये किती दिवस आहेत. नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहेत का. तारखांची मुदत आणि राहण्याचे दिवस या वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत २८ दिवसांची दिसली तरी राहण्याचे दिवस १३च असू शकतात, आणि त्यात शिरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. विमान एक दिवस उशिरा सुटलं तर हा एक दिवस महाग पडतो, म्हणून अर्जात प्रवासाच्या तारखा भरताना अथेन्सला एखादी रात्र जास्त धरली तर चांगलं.

समजा ०१ किंवा ०२ छापून आलं. त्याच दिवशी केंद्राकडून वाणिज्य दूतावासाला लेखी कळवा, कव्हर लेटरची प्रत जोडून. मल्टिपल मागितलेलं असूनही नजरचुकीने कमी दिलं असेल तर दुरुस्ती होऊ शकते. त्यांनी जाणूनबुजून दिलं असेल तर नवा अर्ज किंवा नवी क्रूझ. म्हणूनच निकाल पेमेंटच्या आधी हवा म्हणालो.

तशी नवी क्रूझ निवडायची वेळ आलीच तर पश्चिमेकडे बघा. बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, रोमसाठीचं चिव्हिटावेक्किया, नेपल्स, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, ही सगळी शेंगेनच्या आतली बंदरं आहेत. एवढ्यातच फिरणारी क्रूझ घेतली तर सिंगल एंट्री पुरते. मात्र त्यात ट्युनिसचं ला गुलेत किंवा मोरोक्कोचं टँजिअर घुसलेलं नाही ना, हे पहा. दरपत्रकात ठळक अक्षरात ‘स्पेन-फ्रान्स-इटली’ असतं आणि चौथ्या दिवशी बारीक अक्षरात आफ्रिका असते. पूर्वेकडच्या इतर बंदरांबद्दलही सांगून ठेवतो, कारण हवामानामुळे जहाज बंदर बदलतं आणि कोटोरऐवजी अल्बानिया येऊ शकतं. अल्बानियात मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसावर वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो व्हिसा शेंगेनमध्ये आधी एकदा वापरलेला हवा. तुम्ही इटलीतून आत आलेले असाल, त्यामुळे ती अट पुरी होते. सायप्रस युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. तिथे दोन किंवा अधिक एंट्र्यांचा शेंगेन व्हिसा मान्य होतो, सिंगल नाही. इजिप्तचं अलेक्झांड्रिया, इस्रायलचं हैफा किंवा ट्युनिशिया असेल तर शेंगेनच्या भरवशावर जाऊ नका. भारतीय पासपोर्टसाठी काय लागेल हे क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या, आणि त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पडताळा. ‘मल्ट’ हे अक्षर या सगळ्या शक्यतांमध्ये तुमच्या बाजूने काम करतं.

एवढा व्याप असेल तर सरळ पश्चिमेचीच क्रूझ घ्यावी का? तुमच्या जागी मी ठरवलेलाच मार्ग ठेवीन. कोटोरला जहाज ज्या वाटेने आत शिरतं तो तास-दीड तास मी कोणत्याही किनाऱ्यावरच्या सहलीपेक्षा वरचा मानतो. समुद्रातून आखातात, आखातातून वेरिगेच्या अरुंद गळ्यातून आतल्या आखातात. दोन्हीकडे सरळ उभे कडे, आणि गळ्याबाहेर पडताच पेरास्तसमोर दोन इवली बेटं, एकावर निळ्या घुमटाचं चर्च. आदल्या संध्याकाळी जहाजाच्या पत्रकात पोहोचण्याची वेळ बघा, त्याच्या दोन तास आधीचा गजर लावा आणि आईंना शाल गुंडाळून डेकवर घेऊन या. कुशादासीहून इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष वीसेक किलोमीटरवर. मुलीला सेल्ससच्या ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीसमोर उभं करा आणि श्रीमंतांची उतरणीवरची घरं वेगळं तिकीट काढून दाखवा, भिंतींवरची चित्रं आणि जमिनीवरची नक्षी अजून टिकून आहेत. इफेससला चालणं उतारावरून, उघड्या दगडी रस्त्यावर असतं. आईंना वरच्या दारापासून खालच्या दारापर्यंत असं एकाच दिशेने न्या.

व्हेनिसला दोन रात्री ठेवल्यात हे चांगलं केलंत. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिसहून’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक क्रूझ प्रत्यक्षात ट्रिएस्टे किंवा राव्हेनाहून निघतात. दोन्ही दीडशे किलोमीटरच्या आसपास. ट्रिएस्टेला रेल्वेने दोन तास धरा आणि सकाळचीच गाडी पकडा. विमान आणि जहाज कधीही एकाच दिवशी ठेवू नका, जहाज थांबत नाही.

पैशांचं थोडक्यात. जहाजाच्या दरात रोजचा सेवाआकार, पेयं, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली धरलेल्या नसतात. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर बंदरकर लावला आहे. जून ते सप्टेंबर सँटोरिनीला माणशी २० युरो, तुमच्या मार्गावरच्या बाकीच्या ग्रीक बंदरांना ५. ऑक्टोबरमध्ये सँटोरिनीचा तो १२वर येतो. हा कर बहुतेकदा जहाजाच्या खात्यातच लागतो. समुद्रात असताना मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा, जहाजाच्या उपग्रही नेटवर्कला फोन आपोआप जोडला गेला तर रोमिंगचं बिल अंगावर येतं.

बहुतेक बंदरं स्वतःची स्वतः बघता येतात. कोर्फू आणि स्प्लिटला जुनं गाव जवळ आहे. लांब जायचं असेल, किंवा निघण्याची वेळ घट्ट असेल, तर जहाजाचीच सहल घ्या, कारण त्यांची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. इफेससला मी जहाजाची सहल घेईन, कटाकोलोहून प्राचीन ऑलिंपियाला टॅक्सी. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजायची. तुर्कस्तानात हिवाळ्यात तिथली वेळ ग्रीसपेक्षा एक तास पुढे असते, सप्टेंबरअखेरीस दोन्हीकडे घड्याळ सारखंच, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर तारीख सरकवलीत तर हे लक्षात ठेवा.

आईंच्या दृष्टीने अवघड दिवस सँटोरिनीचा. जहाज धक्क्याला लागत नाही, भर पाण्यात थांबतं आणि टेंडर बोटीतून किनाऱ्यावर नेतात. खालच्या जुन्या बंदरातून वर फीरा गावाला जायला केबल कार, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या. एका दिवशी जास्तीत जास्त ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली असली तरी दोन-तीन जहाजं एकदम आली की केबल कारची रांग लांबते, आणि खरी अडचण दुपारी उतरताना होते. तेव्हा रांगेत तासभर उन्हात उभं राहावं लागू शकतं. पहिल्या टेंडरने जा, वर पोहोचल्यावर ओइया या दुसऱ्या गावाला धावू नका, फीरातच कड्याच्या काठाने चाला आणि शेवटच्या टेंडरच्या किमान तीन तास आधी केबल कारकडे परत फिरा. टेंडरमध्ये पाऊल टाकताना खलाशी हात देतात, पण बोट हलत असते. गुडघे दुखत असतील तर त्या दिवशी वाऱ्याचा जोर बघून ठरवा. एजियन समुद्रातला मेल्टेमी वारा जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात असतो, सप्टेंबरअखेर तो बराच मवाळ झालेला असतो. तुमच्या तारखा त्या दृष्टीने चांगल्या आहेत.

चेक-इनच्या वेळी कंपनी पासपोर्ट ठेवून घेऊ शकते, बंदरातल्या तपासणीसाठी. घाबरायचं कारण नाही, पण त्याआधी पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान, व्हिसाचं स्टिकर आणि तुर्की ई-व्हिसा यांच्या दोन-दोन छापील प्रती प्रत्येकाच्या बॅगेत असू द्या. पिरियसला उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी पासपोर्ट परत घ्यायला विसरू नका. त्या दिवशी कुशादासीहून परतल्यावर जेवणाआधीच रिसेप्शनवर चौकशी करा, रात्री उशिरा तिथे सगळ्या जहाजाची रांग लागते.